कार्बोरेटर, नग एक

जव्हारच्या चढावर एखादी गाडी धापा टाकत यायला लागली की लोक मंगळू मेस्त्रीच्या तोंडाकडे बघायचे. तो बिडी बाजूला धरायचा, मान तिरपी करायचा आणि गाडी नजरेला पडायच्या आत सांगून मोकळा व्हायचा, "दोन नंबरचा प्लग गेलाय," नाहीतर "पेट्रोलमधी पाणी हाय." दहातून नऊ वेळा खरं निघायचं. उरलेल्या एका वेळी तो गाडीवाल्यालाच खोटं पाडायचा. असा हा साखरशेतचा मंगळू भोये. गाडीच्या पोटातली कुरकुर त्याला फर्लांगावरून ऐकू यायची, आणि स्वतःच्या पोटात सात वर्षं एक गोष्ट दडवून तो वर हसत फिरत होता. ती गोष्ट सांगायची आहे.

मंगळू नाचणीच्या शेतातून मोटारखान्यात आला तो नवसू घाटाळमुळे. नवसू हा जव्हार संस्थानच्या मोटारखान्याचा कोठीवाला, म्हणजे सुट्या भागांच्या खोलीचा राखणदार. घर मोखाड्याला, शिक्षण चार यत्ता, अंगावर कायम धुतलेला सदरा. कोठीतल्या टाचणीपासून टायरपर्यंत प्रत्येक वस्तू त्याच्या वहीत होती आणि प्रत्येक वस्तूवर त्यानं बारीक कुंचल्यानं लाल रंगाचा आकडा घातलेला होता. लोक चेष्टा करायचे, की नवसू घरी बायकोच्या ताटवाट्यांवरही आकडे घालतो. त्यानं खरंच घातले असते, बायकोनं घालू दिले नाहीत. मंगळूला आकडे वाचायला त्यानंच शिकवलं, पाना कसा धरायचा हेही त्यानंच दाखवलं, आणि मंगळूच्या लग्नात पोशीच्या माहेरी बोलणी करायलाही तोच गेला होता. मंगळू त्याला दादा म्हणायचा. सख्खा भाऊ त्याला नव्हता, म्हणून त्या शब्दात काही कमी पडलं असं कधी झालं नाही.

मोटारखान्यात गाड्या चार, पण जीव सगळ्यांचा एकीवरच. आठ सिलिंडरची, हस्तिदंती रंगाची, लांबलचक अमेरिकन मोटार. तिला सगळे 'गोरी' म्हणायचे. ती चालू असली तरी बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलायचं नाही. पण तिचं काही बिघडलं की सगळ्यांचं धाबं दणाणायचं. तिचे भाग बोटीनं यायचे. लढाई लागली आणि बोटीही बंद झाल्या. मग इंजिनाच्या सांध्यात बसणाऱ्या एका फाटक्या गॅस्केटसाठी महिनामहिना कागद लिहायचे, मुंबईच्या दुकानांतून नकार यायचे, आणि शेवटी मंगळू म्हशीचं कातडं कापून ती गॅस्केट बनवायचा. लढाईच्या आधी मागवलेला एक नवा कार्बोरेटर तेवढा कोठीत होता. इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा तो भाग. तो गेला की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. तेलकट कागदात गुंडाळलेला, पितळेचा, हातात घेतला की जड लागणारा. वहीत नवसूनं लिहिलं होतं, "कार्बोरेटर, नग एक, नवा," आणि पुढे त्याच्यावर ठोकलेला नंबर. शेवटचे तीन आकडे चारशे सतरा.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. जव्हार ठाणे जिल्ह्यात गेलं, वरच्या कचेरीचे लोक याद्या करायला आले आणि मोटारखान्याचा लिलाव जाहीर झाला. गोरी मोखाड्याच्या एका जंगल ठेकेदारानं घेतली, सगळ्या सुट्या भागांसकट. दुसऱ्या दिवशी तो माल ताब्यात घेणार होता.

आदल्या संध्याकाळी मंगळूनं तिला शेवटची धुतली. धुता धुता त्याला रडू आलं, आणि ते त्यानं बादलीतल्या पाण्यावर ढकललं. आता साखरशेतात काय, सगळ्या मुलखातच एक रीत होती. बैल विकला तरी त्याचं दावं विकायचं नाही. बैल घेणारा स्वतःचं दावं आणतो, आपलं दावं आपण काढून घरात ठेवतो, म्हणजे गोठ्याची बरकत बैलाच्या मागोमाग निघून जात नाही. मंगळूच्या बापानं प्रत्येक बैलाचं दावं आढ्याला टांगून ठेवलं होतं. मंगळूनं पाहिलं, की गोरी उद्या जाणार आणि तिचं काहीच मागं राहणार नाही. नवसू कोठी उघडी ठेवून याद्या करायला आलेल्या साहेबांना चहा द्यायला गेला होता. मंगळू आत शिरला. त्याच्या हाताला तो तेलकट कागद लागला. तो विकायचा विचार त्याच्या मनात नव्हता, हे कोणीही शपथेवर सांगावं. त्यानं तो घोंगडीत गुंडाळला आणि दावं घरी न्यावं तसा घरी नेला.

सकाळी ठेकेदाराचा माणूस यादी वाचायला लागला. टायर आले, पंखे आले, दिवे आले. "कार्बोरेटर, नग एक, नवा." नवसू आत गेला आणि रिकाम्या हातांनी बाहेर आला. पुन्हा आत गेला. त्याचं तोंड पांढरं पडलेलं मंगळूला दिसलं, आणि त्या क्षणापर्यंत, खरंच त्या क्षणापर्यंत, यादीत तो असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडीचे भाग गाडीचे, त्यांची मोजदाद करून कोणी विकत घेतं, हे त्याला सुचलंच नाही. तो बोलायला पुढं झाला. तेवढ्यात साहेब गरजले, की ज्यानं घेतला असेल त्याला बेड्या घालून ठाण्याला नेईन, तिथं सडवीन. मंगळू मागं सरकला. उद्या परत ठेवून देऊ, असं त्यानं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी कोठीला लाखेचं सील लागलेलं होतं.

नवसूला तीन दिवस कचेरीत बसवून विचारलं. काही सापडलं नाही, म्हणून सोडलं. पण मोटारखान्याच्या माणसांना सरकारी कामावर घेतलं तेव्हा मंगळूला रस्त्याच्या कामाच्या लॉरीवर मेस्त्री म्हणून नेमणूक मिळाली आणि नवसूच्या नावापुढे शेरा पडला, "सामानाच्या चोरीचा संशय." तो मोखाड्याला परत गेला आणि दुसऱ्याच्या भातशेतात रोजानं राबायला लागला. बाजारात मिठाच्या दुकानाशी तो उभा राहिला की कोणीतरी ओरडायचं, "मीठ झाका रे, कोठीवाला आला!" सगळे हसायचे. नवसू मीठ घेऊन खाली मान घालून निघून जायचा. मंगळूनं हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी तो मोखाड्याहून जव्हारपर्यंत लॉरीची वाट न बघता चालत आला.

तुम्ही म्हणाल, मग त्यानं तो गुपचूप परत का केला नाही? मंगळूनं ते शंभर वेळा मनात करून पाहिलं होतं. कचेरीच्या ओट्यावर ठेवावा, तर लोक म्हणणार नवसू घाबरला आणि आणून टाकला. नवसूच्या दारात ठेवावा, तर त्याच्या दारात सापडला म्हणणार. दुसरीकडे मिळाला असं सांगावं, तर त्याच्यावर नवसूच्या हातचा लाल आकडा. त्या वस्तूला बाहेर यायला एकच दार होतं, मंगळूचं तोंड. तेच उघडत नव्हतं.

आणि नवसू स्वस्थ बसणारा नव्हता. "वस्तू माझ्या कोठीतून गेली," तो म्हणायचा, "मंग ती भरून देणं माझंच काम." त्यानं कागदावर आठवणीनं कार्बोरेटरचं चित्र काढलं होतं. कामातून दोन दिवस सुटले की तो ते चित्र घेऊन निघायचा. कल्याणच्या लष्करी भंगारात, नाशकाच्या जुन्या बाजारात, इगतपुरीच्या गॅरेजांत, जिथं जिथं जुनं लोखंड पडलेलं असेल तिथं हा धुतलेला सदरा घालून उभा. काही मिळालं की फडक्यात बांधून साखरशेतला मंगळूकडे आणायचा. फडकं सोडायचा आणि तोंडाकडे बघत बसायचा.

"बघ बरं, मंगळ्या. हाच का?"

"नाय दादा. हा लष्करी ट्रकचा."

"आणि हा?"

"हा तर पाण्याच्या पंपाचा."

नवसू हसायचा, फडकं पुन्हा बांधायचा, पोशीनं वाढलेला भात खायचा आणि चालता व्हायचा. तो जिथं पाठ टेकून बसायचा तिथंच भाताची कणगी होती, आणि कणगीच्या तळाशी, तुसात पुरलेला, चारशे सतरा नंबरचा कार्बोरेटर. तूस ओल शोषतं म्हणून मंगळूनं तो तुसात ठेवला होता. सात वर्षांत त्याला डागही पडला नव्हता. वस्तू जपावी तर अशी, आणि माणसाला मात्र असं जाळावं.

पोशीला ठाऊक होतं. नवसू गेला की ती भांडी आपटायची. एकदा तिनं सरळ सांगितलं, "तो शोधतो ते त्याच्या पाठीशी हाय, आणि मी त्याला भात वाढते. पुढच्या खेपेला तूच वाढ. माझा हात उचलत नाय." पुढच्या खेपेला मंगळूनंच वाढलं.

पंचावन्न सालच्या फेब्रुवारीत नवसू अवेळी, कामाच्या दिवशी, जव्हारला लॉरीच्या शेडपाशी आला. त्याची मुलगी काशी सातवी पास झाली होती. त्या भागात सातवी झालेल्या मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. तिला शाळेत मास्तरीण म्हणून घ्यायचं ठरलं होतं, आणि वागणुकीच्या दाखल्यासाठी कागद कचेरीत गेले तेव्हा हेड कारकुनानं जुनं दप्तर काढलं. बापाच्या नावापुढे शेरा.

"तो म्हणतो, वस्तू आणा, शेरा काढतो," नवसू सांगत होता. "मार्च संपायच्या आत. नंतर ती जागा दुसरीला जाईल. पोर काय बोलत नाय, पण जेवतही नाय."

मंगळूच्या हातातला पाना थांबला. आता, असं त्याच्या मनात आलं. आता सांग. तेवढ्यात नवसू पुढं वाकला आणि त्याचे डोळे चमकले. "देवळालीला एक पारशी बावाजी हाय. त्याच्या आवारात गोरीसारखीच गाडी उभी हाय, मी कुंपणातून बघून आलो. पण आतलं मला कळत नाय. तू चल."

मंगळू गेला. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतंच. त्र्यंबकच्या बाजूनं बसनं जाताना सबंध वाटेवर नवसू काशीबद्दल बोलत होता. ती पाटीवर अक्षर कसं काढते, लहानपणी त्याच्या वहीतले आकडे कसे गिरवायची. मंगळू खिडकीबाहेर बघत हूं हूं करत राहिला. देवळालीची गाडी वेगळ्याच जातीची निघावी, असं त्याला वाटत होतं, आणि तीच निघावी असंही वाटत होतं, म्हणजे एकदाचं सुटलो.

गाडी तीच निघाली. चिंचेखाली, चाकं विटांवर, गादीतून गवत वर आलेलं, पण गोरीची सख्खी बहीण. मंगळूनं बॉनेट उघडलं आणि क्षणभर सगळं विसरला. त्यानं तिच्या इंजिनावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी ओळखीचं माणूस भेटावं तसं त्याला झालं. कार्बोरेटर जागेवर होता. मळलेला, पण धड.

म्हातारे बावाजी काठी टेकत आले. "पैसा नको डिकरा," ते म्हणाले. "माझा विहिरीवरचा पंप चालू करून दे, आन घेऊन जा. तिला आता काय, तिला झोपायचंच हाय." मंगळूनं तासाभरात पंप चालू केला. कार्बोरेटर सुटा करून फडक्यानं पुसला, आणि नवसूनं तो दोन्ही हातांनी घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा मंगळूला म्हणावं लागलं, "हो दादा. हाच."

नवसू रडला. बावाजींच्या समोर, भर दुपारी, काही न लपवता रडला. मग डोळे पुसून त्यानं पितळेवरचा नंबर वाचला. शेवटचे तीन आकडे दोनशे त्र्याण्णव. वहीत तर चारशे सतरा होते. परत येताना बसमध्ये तो फडकं मांडीवर धरून बसला. जव्हारला उतरल्यावर म्हणाला, "रातच्याला तुझ्याकडे राहतो. सकाळी तुझ्या शेडमधी एक काम हाय."

सकाळी शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. नवसूनं दार लोटलं, कार्बोरेटर शिकंज्यात बसवला आणि कानस उचलली.

"ते तीन आकडे मी घासून काढतो," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्याकडे आकडे ठोकायचे पंच हायत. चारशे सतरा ठोक. तुझा हात सरळ हाय, कोणाला कळायचं नाय. वर लाल रंग मी घालीन."

मंगळूला ऐकलेलं खरं वाटेना. हा माणूस. कोठीतला एक नट इकडचा तिकडे झाला तर तीन दिवस झोपायचा नाही हा माणूस. दरबारच्या लोकांनी, खुद्द राजेसाहेबांच्या नातलगांनी मागितलं तरी वहीत खोटी ओळ लिहिली नव्हती यानं.

"दादा, तू?"

"मी," नवसू म्हणाला. "सात वर्सं चोर म्हणून घेतलं. आता एक दिवस होतो. पोरीचं तरी होऊन जाईल." आणि तो घासायला लागला. पितळेचा पिवळा भुगा खाली पडत होता. दोन गेला. नऊ गेला. तीन गेला. नवसूनं वर फुंकर मारली आणि बाजूला झाला.

मंगळूनं चारचा पंच उचलला. पितळेवर उभा धरला. दुसऱ्या हातात हातोडी. एक घाव, मग दुसरा आकडा, मग तिसरा. तीन घाव घातले की काशी मास्तरीण होणार, नवसूचा शेरा जाणार, आणि कणगीतली वस्तू कणगीतच राहणार, कायमची. कोणाचंच नुकसान नाही. फक्त ज्याला उगीच चोर म्हटलं तो आता खरा लबाड होणार, आणि तोही मंगळूच्या हातून. घामानं पंच बोटांतून सरकायला लागला. त्यानं तो पुन्हा नीट धरला.

"ठोक ना," नवसू हळूच म्हणाला.

मंगळूनं हातोडी खाली ठेवली. "दादा, मला हा आकडा ठोकता येत नाय."

"का? पंच चांगला नाय?"

"चारशे सतरा माझ्या घरी हाय."

नवसू हसला. चेष्टा समजून हसला, आणि मग मंगळूच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. मंगळू बोलत सुटला. संध्याकाळ, बादली, उघडी कोठी, घोंगडी, बैलाचं दावं, सगळं. एवढी वर्षं जे एक वाक्य निघत नव्हतं ते निघालं, आणि त्याच्या मागून सगळी रांग लागली. बोलून झालं तेव्हा तो लोखंडाच्या पेटीवर बसला.

हातावरचा पितळेचा भुगा नवसू सदऱ्याला पुसत होता, धुतलेल्या सदऱ्याला.

"दावं घरधनी ठेवतो, मंगळू," तो शेवटी म्हणाला. मंगळ्या म्हणाला नाही. "गाडी तुझी होती?"

"नाय."

"मंग?"

मंगळूनं पेटीवरून उठून शेडचं दार उघडलं.

त्याच दिवशी साखरशेतला जाऊन त्यांनी कणगी उपसली. पोशीनं तुसातून ती वस्तू स्वतः काढून नवसूच्या हातात ठेवली आणि घराच्या मागं निघून गेली. तिथून दोघं कचेरीत. आज बेड्या पडणार, हे मंगळूनं धरलंच होतं. पोशीला त्यानं तांदळाचं, शेताचं सांगूनही ठेवलं होतं. हेड कारकुनापुढे उभा राहून तो म्हणाला, "मी घेतला होता." कारकुनानं कार्बोरेटर उलटापालटा केला, लाल आकडा पाहिला, जुन्या यादीशी नंबर ताडून पाहिला. मग मंगळूकडे चष्म्यावरून बघितलं. ज्या साहेबांनी दरडावलं होतं त्यांची केव्हाच बदली झाली होती. ठेकेदारानं तर गोरी कधीच मोडीत काढली होती. सात वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं नवं लचांड कोणाला हवं होतं? "मिळाला ना?" तो म्हणाला. "मग झालं. इथं अंगठा, नाहीतर सही." त्यानं नवसूच्या नावापुढच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, "वस्तू मिळाली, संशय रद्द." एवढ्यात सगळं आटोपलं.

मंगळू बाहेर पायरीवर आला. सुटलो, असं त्याला वाटलं. नवसूनं त्याला तिथंच अडवलं.

"कचेरीनं मला चोर कधी म्हणलंच न्हवतं," तो म्हणाला. "कचेरीनं संशय म्हणलं. चोर म्हणलं मोखाड्याच्या बाजारानं. तिथं कोण रेघ मारणार?"

मंगळूनं विचारलं, "दवंडी देऊ?"

"दवंडी नको. मला चोर दवंडीनं केलं नाय. एकेकानं केलं. एकेकाला सांग."

तुरुंगाची तयारी केलेल्या माणसाला बाजाराची भीती वाटली, हे ऐकून कोणी हसेल. पण मंगळू त्या आठवड्यात जेवला नाही. मोखाड्याच्या बाजारात त्याला ओळखत नव्हतं असं कोणी नव्हतं. मंगळू मेस्त्री म्हणजे शहाणा माणूस, चार लोकांत ज्याचा शब्द चालतो असा. त्याचे मामे, पोशीचे भाऊ, सगळे बाजाराला येणारे. न जाण्याच्या सगळ्या वाटा त्यानं मनात चालून पाहिल्या. बाजाराच्या दिवशी पोशीनं त्याच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "मीठ आण." तेवढंच.

तो मिठाच्या दुकानापासूनच सुरू झाला. दुकानदार वजन करत होता. "ऐक," मंगळू म्हणाला, "संस्थानच्या कोठीतला तो भाग नवसू घाटाळनं घेतला न्हवता. मी घेतला होता." दुकानदाराचा हात तराजूवरच राहिला. मागं सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन हिराबाई बसली होती, ती ओरडली, "काय म्हणतो? मोठ्यानं बोल, इकडं ऐकू येत नाय!" मग त्यानं तिला जवळ जाऊन सांगितलं. मग कासाराला. मग मडकी विकणाऱ्याला, मग लोहाराला, मग चिंचेखाली पानतंबाखू घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना. प्रत्येक ठिकाणी त्याला वाटायचं की हे शेवटचं, आणि पुढं आणखी कोणीतरी बसलेलं असायचं. सुरुवातीला तो दावं, बैल, रीत असं काही सांगू बघायचा. अर्ध्या बाजारानंतर ते गळून पडलं. "नवसूनं नाय, मी." एवढंच उरलं.

काही जण हसले. लोहार थुंकला. पोशीचा थोरला भाऊ लक्ष्या ऐकून उठला आणि आपली टोपली घेऊन दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. हिराबाईनं मात्र सरळ विचारलं, "आणि आम्ही त्याला एवढी वर्सं बोलत होतो, तवा तू कुठं होतास?"

"इथंच," मंगळू म्हणाला.

बाजाराच्या टोकाला पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की नवसू सुरुवातीपासून त्याच्या मागं दहा पावलांवर चालत होता. कोणी वगळलं जात नाही ना, एवढंच तो मोजत होता. लोक आता नवसूकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या माना खाली जात होत्या. एक म्हातारी पुढं आली आणि तिनं आपल्या टोपलीतल्या चार काकड्या त्याच्या हातात कोंबल्या.

मंगळू रस्त्याला लागला तसा नवसूनं हाक मारली. "घरी चल."

मंगळूला वाटलं, मिटलं. सात वर्षांनी, एवढ्या सगळ्यानंतर, मिटलं. तो जवळजवळ धावतच नवसूच्या मागून गेला.

घर तसंच होतं, शेणानं सारवलेलं, नीटनेटकं. काशीनं पाट मांडले. नाचणीची भाकर, उडदाचं वरण, कापलेल्या काकड्या. तिनं मंगळूकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. नवसू समोर बसला आणि त्यानं आपल्या हातानं मंगळूच्या ताटात भाकर वाढली.

"बाजाराच्या दिवशी आमच्या दारावरून कोणी उपाशी जात नाय," तो म्हणाला. "पोटभर जेव. नंतर मात्र येऊ नको, मंगळू. काशीच्या लग्नाला येऊ नको, मी मेलो तरी येऊ नको. मला तुझा राग नाय. फक्त तू दिसलास की आठवंल, दर खेपेला मी तुझ्या घरचा भात कसा खाल्ला ते."

मंगळूनं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं आणि ते थांबवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. नवसू समोर बसून राहिला, त्याची भाकर संपली की दुसरी वाढत, वरण कमी झालं की वाढत, पाहुण्याला वाढावं तसं. मंगळू जेवला. ताटातलं सगळं संपवून तो उठला.